त्यात फुरसं आहे का?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि सोबतच्या बातम्याही वाचल्या. पीएच.डी.साठी संगणकावर प्रथिनं रचण्याचं काम घ्यावं, की गावाकडच्या आरोग्याशी जवळचं काही, असं तू विचारलंयस. माझं मत आधीच सांगून टाकतो. संगणकाचं काम घे, पण त्यात विषय फुरशाचा, म्हणजे आपल्याकडच्या त्या छोट्या विषारी सापाचा घे. असं का म्हणतो त्याचं कारण तू पाठवलेल्या बातम्यांतच आहे.

पहिली बातमी जानेवारी 2025ची, 'नेचर'मधल्या पेपरची. डेव्हिड बेकर यांची सिअ‍ॅटलची प्रयोगशाळा आणि डेन्मार्कमधला टिमोथी जेनकिन्स यांचा गट यांनी निसर्गात कुठेही नसलेली प्रथिनं संगणकावर रचली. नागाच्या विषात तीन बोटांच्या आकाराचे विषारी रेणू असतात. त्यांना ही प्रथिनं घट्ट धरून ठेवतात. मारक मात्रा दिलेल्या उंदरांपैकी 80 ते 100 टक्के उंदीर त्यामुळे वाचले. ही प्रथिनं जिवाणूंकडून बनवून घेता येतात, आजच्या प्रतिविषासारखा घोडा लागत नाही. दुसरी बातमी मे 2025ची, 'सेल'मधली. टिम फ्रीडी या अमेरिकन माणसाने अनेक वर्षं स्वतःला सापाचं विष टोचून घेतलं होतं. त्याच्या रक्तातून मिळालेल्या दोन अँटीबॉडी आणि व्हेरेस्प्लाडिब नावाचं औषध एकत्र करून 19 जातींच्या विषावर तपासलं, तेव्हा 13 जातींपासून उंदरांना पूर्ण संरक्षण मिळालं आणि उरलेल्या 6 पासून अर्धवट.

दोन्ही कामं मोठी आहेत. तुला वाचताना झोप लागली नाही असं लिहिलंयस, ते मी समजू शकतो. पण आता पेपर पुन्हा उघड आणि जातींची यादी बघ. नाग, मण्यार, मांबा, तायपान. सगळे एकाच कुळातले. त्यांचं विष मुख्यतः मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, श्वास थांबतो आणि माणूस जातो. फुरसं आणि घोणस त्या कुळातले नाहीत. त्यांचं विष रक्तावर चालतं.

आणि आपल्याकडे चावतं कोण, हे तुला मी सांगायला नको. राजापूर-लांज्याचे सडे, देवगडच्या बागा, गडग्याचे दगड, गवताची कापणी. इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, इतकी ती होती. तळहाताएवढं वेटोळं करून बसलेला हा साप दिसतही नाही, आणि चावल्यावर पहिले काही तास माणूस चालता-बोलता असतो, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. मग हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त.

याची रसायनकथा तुला आवडेल. फुरशाच्या विषात 'एकॅरिन' नावाचं एक एन्झाइम आहे. ते आपल्याच रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिन या झोपलेल्या प्रथिनाचं रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन करत सुटतं. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचं जाळं ज्याचं बनतं ते प्रथिन, वापरून टाकतं. शरीरभर बारीक बारीक गुठळ्या होत राहतात आणि गुठळीचा कच्चा मालच संपतो. त्यानंतर साध्या ओरखड्यातूनही रक्त थांबत नाही. सोबतीला रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरणारी एन्झाइमं असतातच. या सगळ्यांच्या केंद्रस्थानी जस्ताचा एक अणू असतो, हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

याच फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं छोटं प्रथिन सापडलं. ते प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू देत नाही. त्याच्या नमुन्यावरून टिरोफिबॅन हे औषध रचलं गेलं, 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि आज हृदयविकाराच्या झटक्यात ते शिरेतून देतात. शहरातल्या माणसाच्या हृदयासाठी फुरशाने औषध दिलं. फुरसं चावलेल्या गवतकापणीवाल्या बाईला मात्र आपण अजून मुळात 1890च्या दशकातलंच तंत्र देतो आहोत. मला हे मनापासून खुपतं.

ते तंत्र वाईट नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. घोड्याला विषाच्या छोट्या छोट्या मात्रा द्यायच्या, त्याच्या रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडी वेगळ्या करायच्या. आपली एएसव्ही, म्हणजे सर्पदंशावरचं प्रतिविष, अशी बनते आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. माझ्या हातून दिलेल्या एएसव्हीने माणसं उठून घरी गेलेली मी पाहिली आहेत. पण ती चारच सापांवर आहे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आंबोलीच्या चापड्यावर नाही, मालवणच्या जाळ्यात येणाऱ्या समुद्रसापावर नाही. घोड्याच्या प्रथिनांमुळे रुग्णाला जोराची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून शेजारी अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवावं लागतं. आणि तिच्यासाठी लागणारं विष बहुतांशी तामिळनाडूत, इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेत काढलं जातं. सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. भारतीय एएसव्ही घाना आणि चाडमध्ये वापरली गेली तेव्हा तिथल्या फुरशाच्या भाऊबंदावर ती नीट चालली नाही, मृत्यू वाढले. तिथलं फुरसं दिसायला आपल्यासारखंच आहे, विष वेगळं आहे.

म्हणून कुठलीही बातमी वाचलीस की तिला हा प्रश्न विचार: त्यात फुरसं आहे का? फुरसं म्हणजे तुझ्या माणसांना प्रत्यक्षात जे होतं ते. दुसऱ्या एखाद्या विषयात फुरशाच्या जागी दुसरं काही असेल.

सिमेंटचंच बघ. रोमन काँक्रीट हजारो वर्षं समुद्रात टिकलं, त्याचं गुपित सापडलं, ही बातमी तू मागे पाठवली होतीस. 2023 मध्ये एमआयटीच्या गटाने दाखवलं की कळीचा चुना गरम अवस्थेत मिसळल्यामुळे त्यात चुन्याचे बारीक खडे राहतात. भेग पडून पाणी शिरलं की ते विरघळून भेग बुजवतात. सुंदर काम आहे. पण रोमन काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या नव्हत्या. आपल्या जेट्यांत आणि खाडीवरच्या पुलांत सळ्या आहेत. खारं पाणी सळीपर्यंत पोचतं, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. आपला प्रश्न सळीचा आहे, चुन्याचा त्यानंतर. हा तुझा विषय नाही, म्हणून इथेच सोडतो.

फुरशाकडे परत. रुग्ण आला की आमच्याकडे करायची पहिली तपासणी अगदी साधी असते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर विषबाधा आहे, एएसव्ही सुरू करा. वीज नको, यंत्र नको. पण ती नळी काचेचीच हवी. काचेच्या पृष्ठभागामुळे रक्त गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकची नळी घेतली, किंवा काचेची नळी साबणाने धुऊन वापरली, तर धडधाकट माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं आणि निष्कर्ष चुकतो. आता रुग्णालयात जिकडेतिकडे प्लास्टिकच्या नळ्या आल्या आहेत. रात्री दोनला काचेची नळी शोधत ड्रॉवर उपसणारी परिचारिका मी पाहिली आहे. या प्रसंगात पदार्थविज्ञान आहे, जीवरसायन आहे, सरकारी खरेदी आहे. बोटातल्या थेंबभर रक्तावर, पावसाळी दमट हवेत, दोन मिनिटांत हाच निकाल देणारी स्वस्त पट्टी कुणी केली तर ते संशोधन मी बेकरांच्या कामाच्या शेजारी ठेवेन.

औषधांच्या बाजूलाही आशा आहे, पण ती डोळे उघडे ठेवून बघ. व्हेरेस्प्लाडिब मुळात हृदयविकारासाठी तयार झालं होतं, तिथे ते अपयशी ठरलं. मग कळलं की सापाच्या विषातल्या एका मोठ्या एन्झाइम-कुळाला ते अडवतं. तोंडाने घ्यायचं औषध म्हणून भारत आणि अमेरिकेत रुग्णांवर चाचणी झाली. मुख्य निकषावर ठोस फरक दिसला नाही. चावल्यानंतर लवकर औषध मिळालेल्यांत मात्र फायद्याची चिन्हं होती. दुसरं युनिथिऑल, जड धातूंच्या विषबाधेवरचं जुनं औषध. ते धातू पकडतं, म्हणजे मघाचा जस्ताचा अणूही पकडतं. केनियात निरोगी स्वयंसेवकांवर त्याची सुरक्षिततेची पहिली चाचणी झाली आहे. चावल्याबरोबर घरीच गोळी घेऊन मग रुग्णालयाकडे निघता आलं, तर खाडीपलीकडच्या वाडीसाठी त्याचा अर्थ काय होईल, हे तू जाणतेस.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज दिला. वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक खेड्यातली, बरीचशी घरीच गेलेली. 2017 पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीतही सर्पदंशाचं नाव पक्कं नव्हतं.

आता तुला वाटेल की असं काम करायचं तर परदेशातली प्रयोगशाळाच हवी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम काढून वाच. 1970च्या दशकात ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी खाटेजवळ बसून घाम, थंड पडलेले हात-पाय, नाडी, रक्तदाब, फुप्फुसात भरणारं पाणी, सगळं तासातासाला टिपलं. 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती लक्षणं छापून आली. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो आणि हृदय त्याखाली कोलमडतं, हे ओळखून त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी वापरली. गंभीर रुग्णांमधलं चाळीस टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. विंचवाचं प्रतिविष आल्यावर डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी महाडमध्येच तुलनात्मक चाचणी केली आणि दोन्ही एकत्र दिल्यास रुग्ण लवकर बरे होतात, हे 2011 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं. स्वतःच्याच गोळीला पुन्हा तपासाला उभं करणं मला त्या गोळीच्या शोधाइतकंच मोठं वाटतं.

मग मी तुला रुग्णालयाऐवजी संगणकाकडे का पाठवतोय? कारण खाटेजवळ बसून जे दिसतं ते बरंचसं पाहून झालंय. फुरशाच्या बाबतीत अडलंय ते रेणूच्या पातळीवर. तीन बोटांची विषं आकाराने लहान आणि एकमेकांसारखी असतात, म्हणून एका प्रथिनाने बरीच पकडता येतात. जस्तवाली एन्झाइमं मोठी, नाना रूपांची आहेत. कठीण आहे, म्हणूनच तुझ्यासारखी डोकी हवीत. आणि मूलभूत कामाला कमी लेखू नकोस. बेकरांच्या गटाने 2003 मध्ये 'टॉप 7' हे निसर्गात नसलेल्या रचनेचं प्रथिन रचलं, तेव्हा ते कुठल्याही रोगाचं औषध नव्हतं. तिथून नागाच्या विषापर्यंत यायला वीसेक वर्षं गेली. 2024चं रसायनशास्त्राचं नोबेल अल्फाफोल्ड ही प्रथिनांचा आकार ओळखणारी संगणक प्रणाली करणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांच्यासोबत त्यांना मिळालं ते या लांबच्या वाटेसाठी.

कामाला लागताना एवढं कर. पेपरचा सारांश शेवटी वाच, पद्धतीचा भाग आधी. उंदराला विष आणि औषध एकत्र मिसळून टोचलं, की विषानंतर काही वेळाने औषध दिलं, हे शोध. खरा रुग्ण नेहमी दुसऱ्या प्रकारचा असतो. औषधाला फ्रिज लागेल का ते विचार. आपली एएसव्ही पावडर स्वरूपात आहे, म्हणून जुलैत दोन दिवस लाईट गेली तरी ती तग धरते. नवं औषध कितीही गुणी असलं आणि त्याला सतत थंडावा लागत असेल, तर ते दुर्गम आरोग्य केंद्रात पोचणार नाही. हा मुद्दा रचनेच्या पहिल्या दिवसापासून तुझ्या निकषांत असू दे, शेवटी जोडायची गोष्ट म्हणून नको. संख्याशास्त्र नीट शीक. कोकणातल्या फुरशाच्या विषाचा नमुना कायदेशीर परवानगीने कसा मिळेल, याची चौकशी मार्गदर्शकांकडे आत्ताच सुरू कर; वन विभागाची परवानगी मिळायला वेळ लागतो.

गणपतीला येशील तेव्हा दीड दिवसांचा आटपून लगेच पळू नकोस. आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या लॅब टेक्निशियन ताईंना तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय, त्या तुला नळीची तपासणी स्वतः करून दाखवतील. येताना व्हेरेस्प्लाडिबच्या चाचणीचा पूर्ण पेपर छापून आण, मोबाईलवर नको. लवकर औषध मिळालेल्या रुग्णांची आकडेवारी आपण ओळीने बसून वाचू, आणि त्या रुग्णांत रक्तावर चालणाऱ्या विषाचे किती होते ते वेगळं काढू.

तुझा,
डॉक्टरकाका