उत्तर: २१० तासांवर कुनुनुराला जावं का, आणि एझिकवरचं नाव

तुम्ही पायलटची पहिली नोकरी शोधताय: मेलबर्नची सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स), २१० तासांचं उड्डाण, कामाचा हक्क देणारा व्हिसा, जूनमध्ये गाडीने डार्विन आणि तिथून कुनुनुरा (पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातलं छोटं गाव). शिवाय "एझिकचा अर्ज दोनदा परत आलाय, तिकडे पोचल्यावर बघेन." तुमच्या पोस्टमधलं हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. विमानतळाच्या याच ओळखपत्रापायी माझा एक अख्खा ड्राय सीझन (उत्तरेकडचा कोरडा हंगाम, पायलटांच्या कामाचा) गेला होता. बाकी मुद्दे खाली आहेत, पण आधी हेच.

एझिक म्हणजे एव्हिएशन सिक्युरिटी आयडेंटिफिकेशन कार्ड. डार्विन, ब्रूम, कुनुनुरा या तिन्ही विमानतळांवर नियमित प्रवासी विमानं येतात, त्यामुळे आतल्या भागात वावरायला हे कार्ड लागतं. ते नसेल तर व्हिजिटर कार्ड मिळतं, पण मग एझिकवाला माणूस कायम सोबत हवा, आणि एका विमानतळावर बारा महिन्यांत साधारण २८ दिवसांची मर्यादा. म्हणजे मालक तुम्हाला एकट्याला विमान धुवायलासुद्धा पाठवू शकत नाही. ऐन सीझनमध्ये तुमच्यामागे फिरायला त्याच्याकडे माणूस नसतो. सारख्याच तासांचे दोघे दारात उभे असतील, तर कार्डवाला आत जातो.

आपल्या लोकांचे अर्ज बहुतेक वेळा नावावर अडकतात. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. फ्लाइंग स्कूलने कासाचा (ऑस्ट्रेलियाची विमान-नियामक संस्था) एआरएन, म्हणजे पायलटचा नोंदणी क्रमांक, काढताना फक्त नाव आणि आडनाव टाकलेलं. ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, बँकेच्या कार्डावर नुसतं आद्याक्षर. आपल्याला हा एकच माणूस दिसतो, पडताळणी करणाऱ्याला चार. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, म्हणजे त्यांना जुनं-नवं जोडणारा कागदही लागतो.

क्रम असा ठेवा. पासपोर्ट हा मूळ कागद, त्यावरचं नाव अक्षर न अक्षर प्रमाण. आधी कासाच्या प्रोफाइलमधलं नाव तसं करून घ्या, कारण लायसन्स आणि मेडिकल तिथूनच छापून येतात. मग ड्रायव्हिंग लायसन्स. मग बँक. एझिकचा अर्ज सगळ्यात शेवटी. अर्जात 'इतर नावं' विचारतात, तिथे वडिलांचं नाव नसलेलं रूप, आद्याक्षराचं रूप, माहेरचं नाव, सगळं लिहा. गेल्या दहा वर्षांचे पत्ते लागतात, भारतातलेही. त्यात एका महिन्याचीसुद्धा फट नको. हॉस्टेल, मावशीचं घर, सगळं धरा, आणि सोसायटीचं नाव एकदा एक आणि एकदा दुसरं असं लिहू नका.

आता जरा राग काढतो. कार्ड देणाऱ्या संस्था एकाहून जास्त आहेत, आणि माझ्या वाट्याला आलेलं कार्यालय (नाव घेत नाही) कोणता कागद जुळत नाही हे कधीच सांगायचं नाही. 'ओळखीचे पुरावे जुळत नाहीत' हा एका ओळीचा ठरलेला मेल, बस्स. फोन केला की म्हणायचे मेल करा, मेल केला की तोच मेल परत. दर खेपेला अर्ज रांगेच्या शेवटी. म्हणून सांगतो: मेलमध्ये "काय चुकलं?" असं मोघम विचारू नका. "पासपोर्टवर असं आहे, लायसन्सवर असं आहे, यातलं कोणतं ग्राह्य धरता?" असा नेमकं उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा. तरीही दाद लागली नाही तर दुसऱ्या संस्थेकडे जा. एकीने नाकारलं म्हणजे नियमच नाकारतो असं नाही. फी दोनशे डॉलरच्या वर जाते, ती गेली समजा. हातातला सीझन त्याहून महाग आहे. सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा, आणि नूतनीकरण विसरू नका, कार्ड जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं.

म्हणूनच जूनचा बेत मला पटत नाही. ड्राय साधारण मे ते ऑक्टोबर. कुनुनुराचं मुख्य काम म्हणजे बंगल बंगल डोंगर आणि लेक आर्गाइलवरची पर्यटकांची उड्डाणं, त्यासाठीची माणसं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ठरतात आणि पर्यटक वाढायच्या आत त्यांचं ट्रेनिंग उरकतं. जूनमध्ये तुम्ही पोचाल तेव्हा सगळे उडत असतील. मधेच कुणी एअरलाइनमध्ये गेलं तर जागा निघते, पण ती आधीपासून गावात असलेल्याला मिळते. दुसरं टोकही लक्षात असू द्या: ऑक्टोबरनंतर बिल्ड-अप (पावसाआधीचा उकाडा), मग वेट (पावसाळा), आणि कुनुनुरातलं काम एकदम आटतं. डार्विनहून आर्नहेम लँड आणि टिवी बेटांकडे जाणारी चार्टर मात्र वर्षभर चालतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडीने जात असाल तर पुराचा हिशेब ठेवा. जानेवारी २०२३च्या पुरात ब्रूम-कुनुनुरा रस्त्यावरचा फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल गेला होता; नवा त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सुरू झाला.

तासांबद्दल. २१० हा आकडा वाईट नाही, पण ते तास कशावरचे हे विचारतात. मॅन्युअल प्रॉपेलर पिचचं एन्डॉर्समेंट (पंख्याच्या पात्यांचा कोन पायलटने बदलायच्या विमानांसाठीची परवानगी) हवंच, सेसना २०६ आणि एअरव्हॅन या पर्यटकांच्या दोन्ही छोट्या विमानांना लागतं. सेसना २१०साठी वर रिट्रॅक्टेबलचं (चाकं आत घेणाऱ्या विमानाचं). २०१९ मध्ये माउंट आयझाजवळ एका २१०चा पंख हवेत तुटला, त्यानंतर कॅरी-थ्रू स्पारच्या (पंख धडाला जोडणाऱ्या तुळईच्या) तपासण्या कडक झाल्या, त्यामुळे सगळा भरवसा २१०वर ठेवू नका. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर माझं मत: मल्टी-इंजिन इन्स्ट्रुमेंट रेटिंगपेक्षा (जास्त इंजिनांचं विमान फक्त उपकरणांवर उडवायची परवानगी) २०६वरचे पाच-दहा तास घ्या. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची दर बारा महिन्यांनी तपासणी द्यावी लागते, आणि पहिली नोकरी दिवसाची, व्हीएफआर (बाहेर बघून उडायचं), एका इंजिनाची असते. यावर वाद घालणारे येतील, येऊ देत.

मुलाखत म्हणजे बहुतेकदा हँगरमध्ये उभ्याने पाच मिनिटं आणि एक गणित. ते तोंडी यायला हवं. २०६चं कमाल वजन १६३३ किलो. रिकामं साधारण १००० धरा, विमानागणिक फरक पडतो. २०० लिटर अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) गुणिले ०.७२ म्हणजे १४४ किलो. पायलट ८०. उरले ४०९. पाच पर्यटक सरासरी ८० चे, म्हणजे ४०० किलो. सामानाला नऊ किलो. तुमचं वजन का विचारतात ते कळलं असेल. खोटं सांगू नका, काटा तिथेच असतो. पुढचा प्रश्न, ४० अंशांत काय होतं? समुद्रसपाटीला मानक तापमान १५, म्हणजे २५ अंश जास्त, अंशाला १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा जितक्या उंचीवरच्यासारखी विरळ होते ती उंची) तीन हजार फूट. रनवे जवळजवळ समुद्रसपाटीचा, पण विमान डोंगरावरच्यासारखं चढतं.

उष्णतेचा दुसरा त्रास सुरू करतानाचा. कॉन्टिनेंटल कंपनीचं फ्युएल-इंजेक्टेड इंजिन, वीस मिनिटं उन्हात उभं, पर्यटक आत बसलेले, आणि नळ्यांमध्ये इंधनाची वाफ. लोक स्टार्टर दाबत राहतात आणि बॅटरी संपवतात. मिक्स्चर आयडल कट-ऑफवर (इंजिनाचं इंधन बंद), थ्रॉटल पूर्ण उघडं, पंप हायवर अर्धा-एक मिनिट. परतीच्या नळीतून थंड इंधन फिरतं आणि वाफ निघून जाते. मग पंप बंद, थ्रॉटल मागे, नेहमीसारखं प्राइम आणि स्टार्ट. २०६एच आणि एअरव्हॅनला लायकमिंग कंपनीचं इंजिन असतं, तिथे ही पद्धत लावू नका. कुठल्याही विमानाला त्याचं स्वतःचं मॅन्युअल आधी, माझं लिखाण नंतर.

खडीच्या स्ट्रिपवर जागेवर उभं राहून रन-अप (उड्डाणाआधी इंजिन जोरात चालवून तपासणं) करू नका, दगड उडून प्रॉपेलरला टवके जातात. निघण्यापूर्वी तिथल्या माणसाला फोन करून पाऊस पडलाय का, गुरं आहेत का ते विचारा, आणि पोचल्यावर एकदा वरून बघून घ्या. आर्नहेम लँडमधल्या बऱ्याच वस्त्यांमध्ये दारू न्यायला बंदी आहे, प्रवाशाच्या बॅगेतली बाटलीसुद्धा तुम्हाला महागात पडू शकते.

पगाराचं एवढंच: एअर पायलट्स अवॉर्ड २०२० (पायलटांच्या पगाराचे सरकारी नियम) उघडून किमान दर बघा, आणि कॅज्युअल की कायम हे लेखी घ्या. "आधी तुमच्या पैशाने ट्रेनिंग, मग बघू" म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. मी व्हिसाचा सल्लागार नाही. तुमचा व्हिसा एका मालकाकडे किती महिने काम करू देतो, हे नोंदणीकृत एजंटकडून आधी तपासून घ्या, कारण ड्राय सहा महिन्यांचाच असतो.

सीव्ही एक पान. पहिल्या ओळीत कामाचा हक्क आणि एझिकची मुदत, दुसरीत एकूण तास, पीआयसी तास (स्वतः मुख्य पायलट असलेले), २०६ वरचे तास. पहाटेची विमानं निघत असताना ऑफिसात शिरू नका, दहा-अकराच्या सुमारास जा. ड्रायमध्ये खोल्या पर्यटकांनी भरतात, म्हणून जाण्याआधी कॅराव्हॅन पार्कमध्ये किमान दोन आठवड्यांची जागा पैसे भरून ठेवा. पायलटांच्या सामायिक घरातली खोली गावात चेहरा दिसू लागल्यावर निघते.