थेरपीच्या खोलीचे बंद दार

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. सांगितलेले त्याला कळते असे वाटते. मात्र शब्द जेमतेम पंधरा-वीसच आहेत. घरी मराठी, शेजारी कोंकणी आणि नर्सरीत इंग्रजी त्याच्या कानांवर पडते. बालरोगतज्ज्ञांनी स्पीच थेरपी सुचवली. एका केंद्राने तीन महिन्यांची फी आगाऊ मागितली, सत्र चालू असताना पालकांनी बाहेर बसावे असे सांगितले आणि घरी केवळ इंग्रजीच बोलण्याचा सल्ला दिला. थेरपिस्ट निवडताना कोणते प्रश्न विचारावेत?
– एक आई, साखळी

उत्तर : सर्वप्रथम, मुलाची श्रवणचाचणी झाली आहे का? हावभाव आणि रोजच्या सवयी यांवरून मूल बरेच काही ओळखते, त्यामुळे थोडे कमी ऐकू येत असले तर ते घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. चाचणी झाली नसेल तर बांबोळीच्या गोमेकॉतील (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील) कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. जो थेरपिस्ट स्वतःहून हा अहवाल मागतो, त्याच्याविषयी माझे मत तिथेच निम्मे अनुकूल होते.

स्पीच थेरपिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. तो क्रमांक निःसंकोच विचारावा. (पुढे ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठीची थेरपी, सुचवली गेली, तर त्या थेरपिस्टकडे हा क्रमांक नसेल, कारण ते क्षेत्र 2021 च्या वेगळ्या कायद्याखाली येते. तिथे पदवी विचारावी.) भिंतीवर ज्यांचे प्रमाणपत्र लावलेले आहे तेच सत्र घेणार की एखादी प्रशिक्षणार्थी, हेही विचारून घ्यावे.

मला खरा खटकतो तो बंद दाराचा नियम. आईला बिलगून राहणारे मूल रुळावे म्हणून काही दिवस पालकांना बाहेर बसवणे समजण्यासारखे आहे. परंतु ‘मला आत केव्हा घेणार आणि घरी काय करायचे ते कसे दाखवणार?’ या प्रश्नाला उत्तरच मिळत नसेल, तर दुसरे केंद्र पाहावे. आठवड्यातील दोन सत्रे सोडली तर मूल उरलेला बहुतेक वेळ तुमच्याजवळच असते. म्हणूनच थेरपिस्टचा सल्ला तुमच्या घरात बसणारा हवा. उदाहरणार्थ, सकाळी पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) भोंपू वाजला की लगेच दाराकडे धावू नये. मुलाकडे पाहून क्षणभर थांबावे आणि त्याने नुसते ‘पा’ म्हटले तरी ‘हो, पाव आला’ असे म्हणून तो त्याच्या हाती द्यावा.

केवळ इंग्रजी बोलण्याचा सल्ला मात्र मानू नये. दोन-तीन भाषा ऐकल्यामुळे वाचादोष निर्माण होत नाही, आणि आजीशी ज्या भाषेत बोलायचे तीच काढून घेतली तर मुलाची बोलण्याची संधी उलट कमी होते. तपासणीत तिन्ही भाषांतील शब्द मोजले जाणार का, हे विचारावे. ‘उदक’ म्हणणारे मूल ‘पाणी’ म्हणत नाही म्हणून त्याचा शब्द वजा होत नाही.

फीविषयी थोडक्यात सांगायचे तर, आधी केवळ तपासणीचे पैसे द्यावेत, पुढील तीन महिन्यांची उद्दिष्टे लेखी घ्यावीत आणि त्यानंतर महिन्याच्या हिशेबाने व्यवहार ठेवावा. ‘सहा महिन्यांत घडाघडा बोलेल’ अशी हमी देणाऱ्याकडे जाऊ नये. मात्र ही चौकशी दोन-तीन आठवड्यांत उरकावी. ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांच्या भरवशावर आणखी थांबू नये.