कोबीच्या बियाण्याला 50 डिग्रीचं पाणी : उकळतं किती, साधं किती?

दोन प्रश्न आलेत. एका दादांनी विचारलंय की घाण्या रोगासाठी (बियाण्यातून पसरणारा, पानं काळी पाडून कुजवणारा रोग) कोबीचं घरचं बी 50 डिग्रीच्या गरम पाण्यात 25 मिनिटं बुडवायचंय, उकळतं आणि साधं पाणी निम्मं निम्मं घेतलं तर चालेल का. दुसऱ्यांचं म्हणणं असं की पाणी बरोबर 50 वर आणलं होतं पण बी टाकल्या टाकल्या टेंपरेचर उतरलं.

निम्मं निम्मं अजिबात नको! उकळतं 100 डिग्री आणि साधं 25 धरलं तर मिसळल्यावर साडेबासष्ट येतं, त्यात 25 मिनिटं ठेवलेलं बी उगवायचं नाव घेत नाही. हिशोब सोपा आहे, गरम पाणी जेवढी उष्णता सोडतं तेवढीच गार पाणी घेतं, म्हणून लिटर गुणिले डिग्री दोन्हीकडचं काढा, बेरीज करा आणि एकूण लिटरने भागा. 1.8 लिटर उकळतं म्हणजे 180, 3.2 लिटर साधं म्हणजे 80, झाले 260, भागिले 5 लिटर, आलं 52.

आता 50 पाहिजे तर 52 कशाला, तर तेच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. बी पण गारच असतं ना, ते पाण्यातली उष्णता ओढून घेतं, फक्त पाण्याएवढी नाही, कोरडं बी किलोला साधारण 0.4 लिटर पाण्याएवढीच घेतं. म्हणजे 25 डिग्रीचं एक किलो बी टाकलं की 260 मध्ये 10 मिळवा, 270 भागिले 5.4, बरोबर 50. बी कमी असेल तर पाणी 52 च्या जरा खालूनच सुरू करा.

हे झालं कागदावर. भांडंही थोडी उष्णता खातं आणि उंचावरच्या गावात पाणी 100 च्या आधीच उकळतं (दर 300 मीटरला साधारण एक डिग्री कमी), त्यामुळे थर्मामीटर लागतोच, आणि तापाचा नको, तो 42 च्या पुढे जात नाही. 25 मिनिटांत पाणी निवत जातं, 48 वर आलं तर वरच्या मापाला साधारण 200 मिली उकळतं पाणी लागेल पण ते एकदम नाही, थोडं थोडं, बियांची पुरचुंडी बाजूला धरून आणि सारखं ढवळत, नाहीतर खाली 50 आणि वर 60 असा प्रकार होतो.

वेळ झाली की लगेच गार पाण्यात बुडवा आणि सावलीत सुकवा. कंपनीचं रंगीत औषध लावलेलं बी या भानगडीत घालू नका, आणि बी जुनं असेल तर आधी चिमूटभर बियांवर करून उगवण बघा, मग बाकीचं.