लिप टाय: कापायचं की थांबायचं?

लहान मुलाच्या वरच्या पुढच्या दातांत फट दिसते म्हणून लगेच लिप टाय कापायच्या ऑपरेशनची तारीख घेऊ नका. वरचा ओठ आणि हिरडी जोडणारा पडदा जाड, घट्ट असला की त्याला लिप टाय म्हणतात; पण दुधाच्या दातांच्या वयात बहुतेक मुलांचा तो जाडच दिसतो. जबडा वाढतो तसा तो वर सरकतो. दुधाच्या दातांमधली फट तर चांगलीच, पुढच्या मोठ्या दातांना जागा मिळते. पक्के सुळे साधारण 11-12 व्या वर्षी येतात, तेव्हा बरीचशी फट आपोआप मिटते. म्हणून निव्वळ फटीसाठी आत्ता कापणं मला पटत नाही. शिवाय कापल्यावर तिथे घट्ट व्रण धरला तर फट उलट टिकून राहू शकते.

आता हे बघा: ओठ उचलून पुढचे दात नीट घासता येतात का? हिरडी ओढली जाऊन पांढरी पडते का, दातापासून सुटते का? दात किडू लागलेत का? किडत असतील तर आधी रात्री दूध पीत झोपण्याची सवय मोडा. बहुतेकदा मूळ तिथेच असतं. घासताना बोटाने पडदा झाकून धरा, म्हणजे ब्रश टोचत नाही.

हिरडी खरंच ओढली जात असेल तर मुलांच्या दंतवैद्याला दाखवा. “आत्ता नाही केलं तर नेमकं काय बिघडेल?” हे स्पष्ट विचारा. उत्तर मोघम आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.