भूकंपाचं भाकीत आणि बारावीनंतरची वाट

डहाणूजवळच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित घेतलंय. 2018 च्या नोव्हेंबरात आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा ती पाचवीत होती. घरातली सगळी रात्र रात्र अंगणात काढायची. आता ती जुन्या रेडिओला तार गुंडाळून खरखर ऐकते नि वहीत वेळा टिपते. म्हणते, भूकंपाआधी जमिनीतून विद्युतचुंबकीय लहरी निघतात, मी त्यावरच संशोधन करणार. आमची चिकूची वाडी आहे. तिचे बाबा म्हणतात, गुपचूप कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर. या खुळात काही तथ्य आहे का? आणि पोटापाण्याचं काय?" सोबत वहीच्या दोन पानांचा फोटो.

ताई, खूळ म्हणू नका. प्रश्न खरा आहे आणि मोठमोठी माणसं त्याच्या मागे लागलेली आहेत. फक्त उत्तर अजून कुणाच्या हाती आलेलं नाही, हे तिला आधी कळलेलं बरं.

या विषयात सगळ्यांच्या तोंडी असलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातलं. 17 ऑक्टोबर 1989 ला लोमा प्रिएटाला 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्रापासून जेमतेम 7 किलोमीटरवर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या फ्रेझर-स्मिथ यांचं चुंबकीय उपकरण आधीपासून चालू होतं. नंतर नोंदी पाहिल्या तर दोनेक आठवडे आधी चुंबकीय लहरींची पातळी वाढलेली, आणि शेवटच्या तीन तासांत ती प्रचंड चढलेली. जगभर खळबळ उडाली. वीस वर्षांनी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या आणि दोष उपकरणातच असावा असं दाखवलं. त्याच राज्यात पार्कफील्डला तर भूकंपाची वाट बघत उपकरणांचं जाळं लावून ठेवलं होतं. 2004 मध्ये 6 तीव्रतेचा भूकंप झाला, पण आधी खात्रीचा म्हणावा असा इशारा कुठल्याच उपकरणाने दिला नाही. ग्रीसमध्ये जमिनीतल्या विद्युतप्रवाहांवरून भाकितं झाली, त्यांवरचा वाद अजून मिटलेला नाही. फ्रान्सने 2004 मध्ये आणि चीनने 2018 मध्ये खास याच शोधासाठी उपग्रह सोडले. म्हणजे शोध जोरात चालू आहे, पण "उद्या अमुक ठिकाणी होणार" असं आज कुणीही सांगू शकत नाही. सांगतो म्हणणाऱ्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ तुमच्या मुलीने पाहिला असेल तर तो बाजूला ठेवायला सांगा.

आता वही. निळ्या पेनाने खरखर, लाल पेनाने धक्का, आणि मध्ये बाण. "रात्री 8.10 जोरात खरखर, 9.40 धक्का." अक्षर सुरेख आहे, आणि रोज टिपायची शिस्त मला मार्कांपेक्षा जास्त आवडली. पण पहाटे साडेपाचची खरखर दोन्ही पानांवर रोज आहे. रोज ठरल्या वेळेला येते ती जमिनीतली नव्हे, वाडीतल्या पंपाच्या स्टार्टरची असणार. विजेच्या गाड्या, उच्चदाबाच्या तारा, वळवाच्या पावसातल्या विजा, सगळं रेडिओ पकडतो. आणि खरखर झाली पण धक्का आलाच नाही, ते दिवस वहीत कुठे आहेत? ते नाहीत तोवर बाणांना अर्थ नाही. तिला तिसरा रंग घ्यायला सांगा.

आणखी एक गोष्ट तिला आवडेल. लोमा प्रिएटाची ती नोंद, एक आंदोलन पुरं व्हायला शंभर सेकंद लागतील इतक्या संथ लहरींची होती. खडक भरभर कंप पावणाऱ्या लहरी गिळून टाकतात, खोलातून वर आल्याच तर त्या अशा संथच येणार. रेडिओ ऐकतो त्या लहरी सेकंदाला लाखो वेळा कंप पावणाऱ्या. म्हणजे तिच्या रेडिओला हवा तो आवाज ऐकूच येत नाही! त्यासाठी मॅग्नेटोमीटर म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण लागतं, आणि तेही विजेच्या गोंगाटापासून लांब.

हे किती लांब, त्याचा दाखला आपल्या कोकणातच आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे तिचे प्रमुख नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि 1904 पासून अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. इमारत अशा सामानाची की चुंबकाला ओढ लागू नये. दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्याचा मेळ बसावा. ती वेधशाळा आजही चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत. संस्थेचं मुख्यालय पनवेलला, तुमच्यापासून फार लांब नाही. पुढे पीएचडी करायची तर हे नाव लक्षात ठेवा.

बाबांची काळजीही रास्त आहे. तिने "भूकंपाचं भाकीत" हे करिअर धरू नये, भूभौतिकी म्हणजे जिओफिजिक्स धरावं. भाकीत त्यातला एक कोपरा आहे. बाकी भूजल, तेल-वायू, खनिजं, धरणं, बोगदे असं मोठं क्षेत्र आहे. कोयनेला 1967 मध्ये भूकंप झाला, आणि त्या धरणाच्या परिसरातले भूकंप समजून घ्यायला कराडला केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे, कोयना परिसरात खडकात तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. भूकंप सुरू झाल्यावर पहिल्या, कमी नुकसानीच्या लहरी ओळखून पुढच्या लहरींआधी काही सेकंद इशारा देणाऱ्या यंत्रणा जपानमध्ये 2007 पासून सगळ्या जनतेसाठी आहेत, आपल्याकडे उत्तराखंडात आहेत. हे काम भाकितापेक्षा कितीतरी पुढे गेलंय. अर्थात तुमच्यासारखा धक्का पायाखालीच उगम पावत असेल तर ते सेकंदही मिळत नाहीत, ही त्याची मर्यादा.

वाट दोन. जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा गुण बरा आला तर खरगपूर, रुरकी, धनबाद इथल्या आयआयटीत बारावीनंतर थेट भूभौतिकीचे अभ्यासक्रम आहेत. नाही जमलं तर बीएस्सी फिजिक्स, गणित सोडायचं नाही, सोबत पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायची, आणि तिसऱ्या वर्षी जॅम परीक्षा देऊन आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी अप्लाइड जिओफिजिक्सची एमएस्सी. नोकरीसाठी यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते, त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूभौतिकतज्ज्ञ घेतात. तेल कंपन्या, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संस्था, दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र हीही ठिकाणं आहेत. जागा मोजक्या असतात, आणि फिरतीचं काम असतं, महिना महिना डोंगरात किंवा वाळवंटात. मुलगी म्हणून अडवू नका, पण हे तिला आधी सांगून टाका.

मला विचाराल तर यंदा सीईटीचा फॉर्मही भरून ठेवा, बाबांचं मन राखायला नव्हे, हातात पर्याय असावा म्हणून. कॉम्प्युटर शाखेत गेली तरी सिग्नल प्रोसेसिंग म्हणजे नोंदींतल्या गोंगाटातून खरा संकेत वेगळा काढायचं तंत्र शिकून या क्षेत्रात येता येतं. आणि बीएस्सीच्या तीन वर्षांत मन बदललं तर फिजिक्सच्या पदवीवर एमसीए किंवा डेटाचं काम करता येतं, शिक्षकीही आहेच. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत रेडिओ रविवारी लावायला हरकत नाही.