मॅजिकमध्ये नियमांच्या फटींवर डेक कसा बांधायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात दुसऱ्यांचे जिंकणारे डेक कॉपी करायचा कंटाळा आलाय, नियमांच्या खाचाखोचांवर चालणारा स्वतःचा विचित्र डेक बांधायचाय, तर सुरुवात कुठून करायची.

मी बरीच वर्षं असलेच डेक खेळतो. माझं म्हणणं, कॉम्बो (एकत्र आल्यावर भारी पडणारी कार्डं) शोधत बसू नका, आधी तोटा शोधा. म्हणजे असं कार्ड ज्याची ताकद किमतीच्या मानाने भलतीच जास्त आहे आणि म्हणून डिझायनरने त्याच्या गळ्यात एक लोढणं अडकवलंय. मग एवढंच बघायचं की हे लोढणं नियमांच्या कुठल्या गाठीने बांधलंय, ट्रिगर आहे (काही घडलं की आपोआप सुरू होणारी ॲबिलिटी), रिप्लेसमेंट इफेक्ट आहे (घटना घडतानाच ती बदलणारा) की सरळ कॉस्ट आहे (आधीच मोजायची किंमत). कॉस्ट असेल तर बहुतेक वेळा सोडून द्या, तिथे फारसं काही हाती लागत नाही. बाकी दोन्हींत मजा आहे.

ट्रिगरचं उदाहरण म्हणजे फायरेक्सियन ड्रेडनॉट, १९९६ च्या मिराज सेटमधलं. एक मॅना (कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा), १२/१२ म्हणजे १२ पॉवर आणि १२ टफनेस, ट्रॅम्पल (ब्लॉक करणाऱ्याला मारून उरलेलं डॅमेज समोरच्या खेळाडूला). लोढणं असं की तो बॅटलफील्डवर आला की एकूण १२ पॉवरचे क्रीचर सॅक्रिफाइस करा नाहीतर त्यालाच करा. पण हा ट्रिगर आहे, म्हणजे तो स्टॅकवर जातो (लगेच न घडता रांगेत थांबतो), आणि स्टॅकवर गेलेली गोष्ट अडवता येते. एका मॅनाचं स्टायफल टाकून ट्रिगरच काउंटर करा, किंवा आधीच टॉर्पर ऑर्ब मांडून ठेवा म्हणजे ट्रिगर होणारच नाही, किंवा ड्रेस डाउन वापरा, त्यात सगळ्या क्रीचरच्या ॲबिलिटी जातात (त्या टर्नपुरतं ट्रॅम्पलही जातं) आणि वर एक कार्डही मिळतं. इथपर्यंत सगळेच येतात. मला जास्त आवडतं ते उलटं, ड्रेडनॉटला वाचवायचंच नाही. ट्रिगर स्टॅकवर असताना तो १२ पॉवर घेऊन तुमच्यासमोर उभाच असतो ना, मग तेवढ्यात फ्लिंग टाकून त्यालाच सॅक्रिफाइस करा, समोरच्याला १२ डॅमेज. ग्रेटर गुड असेल तर १२ कार्ड ड्रॉ, तीन डिस्कार्ड. पँडेमोनियम असेल तर काहीच करायला नको, तो येता येताच १२ डॅमेज करतो, मग मेला तर मेला.

आता रिप्लेसमेंट. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण डार्क डेप्थ्स, २००६ च्या कोल्डस्नॅपमधली लँड (लँड म्हणजे सहसा मॅना देणारं कार्ड). ती दहा आइस काउंटर घेऊनच येते, तीन मॅना देऊन एक काउंटर निघतो, म्हणजे सगळे काढायला तीस मॅना, आणि काउंटर संपले की ती सॅक्रिफाइस होऊन मॅरिट लेज नावाचं २०/२०, फ्लाइंग, इन्डिस्ट्रक्टिबल (नष्ट न होणारं) टोकन (डेकमधलं कार्ड नसलेलं क्रीचर) मिळतं. "काउंटर घेऊन येते" हे ट्रिगर नाही, त्यामुळे स्टायफलचा उपयोग शून्य. पण हा नियम फक्त लँड "येताना" लागू होतो. मग न येताच डार्क डेप्थ्स झालेली लँड मिळाली तर? थेस्पियन्स स्टेज तेच करते, दोन मॅना आणि टॅप (कार्ड आडवं करायचं), की ती दुसऱ्या लँडची कॉपी बनते. ती तर आधीपासून टेबलावरच आहे, त्यामुळे काउंटर नाहीत. दोन्ही लेजंडरी, एकाच नावाच्या, म्हणून लेजंड रूलने तुम्ही एक ठेवायची. स्टेजवाली ठेवा, मूळची ग्रेव्हयार्डमध्ये जाऊ द्या, शून्य काउंटर दिसल्यावर ट्रिगर होतो आणि मॅरिट लेज हजर. गंमत म्हणजे स्टेज २०१३ च्या सुरुवातीला आली तेव्हा हे चालत नव्हतं, कारण जुन्या लेजंड रूलमध्ये दोन्ही जायच्या. त्याच वर्षी जुलैत मॅजिक २०१४ बरोबर नियम बदलला, आता एक ठेवता येते, आणि हा कॉम्बो जन्माला आला. म्हणून नियम बदलल्याची बातमी आली की मी आधी माझी जुनी निरुपयोगी कार्डं काढून बघतो.

पण हे आता लेगसी (जुनी कार्डंही चालतात तो फॉरमॅट) खेळणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे, आणि तुम्हाला विचित्र हवंय, तर त्याच लँडबरोबर ब्लड मून खेळा, त्याने बेसिक नसलेल्या सगळ्या लँड माउंटन होतात. ब्लड मून टेबलावर असताना डार्क डेप्थ्स आली तर ती साधी माउंटन म्हणून येते, काउंटरवाली ओळच गेलेली असते, त्यामुळे काउंटर नाहीत. तोपर्यंत लाल मॅना देत बसते (एरवी ही लँड एकही मॅना देत नाही, हे विसरू नका). मग ज्या क्षणी ब्लड मून जाईल त्या क्षणी मॅरिट लेज. समोरच्याने वैतागून तुमचा ब्लड मून फोडला तर त्यानेच तुम्हाला २०/२० दिलं. क्रम मात्र महत्त्वाचा, आधी मून मग लँड. लँड आधी आली असेल तर दहा काउंटर तसेच राहतात. आणि या डेकमध्ये स्टेज घालू नका, मूनखाली तीही नुसती माउंटन होते, दोन्ही प्लॅन एकमेकांच्या पायात येतात.

लोक इथे फसतात ते नियमात नाही, आकड्यात. ६० कार्डांच्या डेकमध्ये एका कार्डाच्या ४ कॉपी असतील तर पहिल्या ७ कार्डांत निदान एक दिसण्याची शक्यता साधारण ४० टक्के. दोन वेगळी कार्डं, दोन्हीच्या चार-चार, तर दोन्ही एकदम हातात येण्याची शक्यता १५ टक्क्यांच्या आतच. पण दुसऱ्या तुकड्याचं काम करणारी आठ कार्डं असतील तर तीच २४ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून ड्रेडनॉटबरोबर नुसतं स्टायफल नाही, स्टायफल आणि ड्रेस डाउन दोन्ही. मून नसलेल्या डेकमध्ये डार्क डेप्थ्सबरोबर स्टेज आणि व्हॅम्पायर हेक्समेज (स्वतःला सॅक्रिफाइस करून एका पर्मनंटवरचे सगळे काउंटर काढते), वर क्रॉप रोटेशन किंवा एक्स्पिडिशन मॅप, लँड शोधून आणायला. आणि प्रत्येक तुकडा एकटा असताना काय करतो ते बघा. ब्लड मून एकटाही समोरच्याचा जीव खातो, टॉर्पर ऑर्ब एकटा बहुतेक वेळा शोभेची वस्तू.

उत्तरंही आधीच माहीत असू द्या. मॅरिट लेज इन्डिस्ट्रक्टिबल आहे पण स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्सने एक्झाइल होते (खेळाबाहेर जाते), काराकसने हातात परत पाठवली की टोकन असल्यामुळे संपलीच. शेवटचा ट्रिगर स्टॅकवर असताना कुणी वेस्टलँडने ती स्टेजच फोडली तर सॅक्रिफाइस करायला काही उरत नाही आणि टोकनही मिळत नाही. म्हणून शक्यतो समोरच्याच्या एंड स्टेपला (त्याची टर्न संपताना), तो टॅप आउट असताना (सगळा मॅना वापरून बसलेला) करा, म्हणजे तुमच्या टर्नला लगेच अटॅक.

नियम वाचायचे तर छापील कार्डावर जाऊ नका, चालू ओरॅकल टेक्स्ट (कार्डाचा अधिकृत ताजा मजकूर) बघा, आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्समधले ६०३ (ट्रिगर), ६१४ (रिप्लेसमेंट) आणि ७०४ (स्टेट-बेस्ड ॲक्शन, लेजंड रूलसारख्या आपोआप होणाऱ्या गोष्टी) हे तीन भाग आधी वाचा, बाकी लागेल तसं. फॉरमॅटही तपासा, डार्क डेप्थ्स मॉडर्नमध्ये बॅन आहे, लेगसी आणि कमांडरमध्ये चालते. ६१३ म्हणजे लेयर्स (इफेक्ट कुठल्या क्रमाने लागतात ते), ह्युमिलिटी आणि ओपॅलेसन्स ही कार्डं एकत्र टेबलावर आले की काय होतं वगैरे, ते वाचायला भारी आहे पण त्यावर डेक बांधू नका असं मी सांगेन, निम्मा गेम जज्जला बोलावण्यात जातो आणि समोरचा माणूस परत तुमच्याशी खेळायला बसत नाही.