सुतारकामाच्या बाकाच्या (वर्कबेंच) वरच्या फळीबद्दल, सुरुवात करणाऱ्यासाठी

सागाच्या मागे लागू नका. पहिल्या बाकाला फणसाचं किंवा ऐनाचं लाकूड उत्तम. ऐन वजनदार, ठोकताना बाक हलत नाही, पण रंधा मारताना घाम काढतो. आंबा स्वस्त मिळतो, मात्र त्याला कीड लवकर लागते. वखारीत फळी आडवी धरून एका टोकाकडून डोळा लावून बघा, पीळ तिथेच दिसतो. कडेला पांढरट लाकूड जास्त असेल तर ती फळी नको. जाडी दोन इंच पुरे.

आणल्या आणल्या बसवू नका. खाली पट्ट्या देऊन, हवा खेळेल अशी, घरातच काही आठवडे ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे पावसात फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत फरक नगण्य. नवीन माणूस हमखास चारही बाजूंनी स्क्रू आवळतो, वर फेविकॉलही लावतो, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर फळीला चीर जाते. म्हणून:

- पुढच्या कडेचे स्क्रू घट्ट.
- मागच्या कडेला, फळीला खालून आधार देणाऱ्या आडव्या पट्टीतली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट कोरा, स्क्रूला वॉशर द्या.
- तेल वरून-खालून सारखंच. फक्त वर लावलं तर फळी वाकते.

खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजतात, स्टेनलेस स्टीलचेच घ्या. वाईस (लाकूड पकडायचा शिकंजा), खुंट्यांची भोकं वगैरे नंतर बघू. आधी यावर काम सुरू करा, अडलात तर बिनधास्त विचारा.